अर्ध्या टांगेचा सात

"रंग मत बता मेरेकू. अंगठा टेकने दे."

कुणी जुनी स्कूटर घेऊन आलं की आमच्या गल्लीतला तो मिस्त्री एवढंच म्हणायचा. रंगाकडं, आरशांकडं बघायचाच नाही. उकिडवा बसायचा, रॉकेलच्या बोळ्यानं सांगाड्यावरचा मळ पुसायचा आणि ठोकलेल्या नंबरावरून डोळे मिटून अंगठा फिरवायचा. मग सांगायचा, गाडी कोणत्या साली, कोणत्या महिन्यात जोडली.

यात जादू नव्हती. नंबरात आधी सालाचं अक्षर असायचं, मग महिन्याचं, मागून आकडे. तुम्ही-आम्ही असतो तर साल-महिन्यावरच थांबलो असतो. तो पुढचं सांगायचा. "मार्च की है. साहब लोगां पीछे लगे थे. देख, अक्षरां कैसे भाग रहे."

कारण ते नंबर त्यानंच ठोकलेले. चिकलठाण्याकडच्या एका कारखान्यात मी स्कूटरचे सांगाडे वेल्ड करायचो आणि माझ्या शेजारी तो टोकाला अक्षर कोरलेला पोलादी पंच धरून हातोडा मारायचा. एक अक्षर, एक घाव. दुसरा घाव मारला की अक्षर दुहेरी उठतं. त्याचं कधी उठलं नाही. मी चौथी शिकलेला, तो शाळेची पायरीच चढला नव्हता. मला नावानं हाक मारायचा नाही. "ए वेल्डर" म्हणायचा.

कारखाना बंद पडल्यावर त्यानं गल्लीच्या तोंडाशी दुरुस्तीचं दुकान टाकलं. एकदा फर्दापूरकडचा एक सासरा जावयाला कोरी करकरीत गाडी द्यायला निघालेला, हवा भरायला थांबला. यानं अंगठा टेकवला.

"कोरी? दो साल गोदाम में बैठी है ये."

जावई शेजारीच उभा. सासरा कळवळला, "चाचा, जरा हळू बोला की!"

"मैं कहाँ बोला? लोहा बोला."

माझी बायको दारातून ओरडली, "भाऊ, लोकांचे संसार मोडाल तुम्ही!" तो लई हसला, पण शब्द काही मागं घेतला नाही.

आमची गाडी त्यानंच तिला समजावून दिली होती. "भाभी, ये जुलै की है. सात का पंच टूट गया था. नया आने तक आठ दिन उसीच से मारा मैं." खरंच, नंबरातल्या दोन्ही सातांची टांग अर्धीच होती. ती आल्यागेल्याला दाखवायची, लेकराच्या गालावरचा तीळ दाखवावा तशी. त्याच गाडीवर आडवी बसून, माझ्या खांद्यावर हात ठेवून ती कन्नडला माहेरी जायची.

ती गेली. गाडी राहिली. तिच्यामागं घरात तेवढीच एक वस्तू होती जिच्यावर बसलं की खांद्याला तिचा हात आठवायचा. कागदांची मुदत संपली म्हणून मी गाडी पास करायला आरटीओत नेली. तिथल्या साहेबानं नंबर बघितला आणि म्हणाला, "हा घासून पुन्हा मारलाय. कारखान्यात असला सात निघत नाही. गाडी चोरीची दिसते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पळत जाऊन त्याला बोलावून आणलं. ती माझी चूक.

तो धुतलेला सदरा घालून आला. खिशातून फडक्यात गुंडाळलेला पंच काढला. तोच, तुटका सात. कारखान्यानं फेकला तेव्हा त्यानं उचलून ठेवला होता. साहेबासमोर पत्र्याच्या तुकड्यावर त्यानं एकच घाव मारला. हुबेहूब तीच अर्धी टांग.

"देखो साब. मेरा हाथ है ये."

तुम्हाला वाटेल, साहेब वरमला असेल. नाय. तो म्हणाला, "म्हणजे खोटे नंबर ठोकणारा तूच."

कारखान्यात होतास याचा कागद दाखव म्हणाला. कागद कुठला? ठेकेदाराचा माणूस तो. हजारो गाड्यांना नंबर दिला, त्याला साधा बिल्ला कुणी दिला नाही. मी ओरडलो, "मी शेजारी उभा होतो, मी सांगतो ना!" साहेब म्हणाला, "तुझीच गाडी, तू सांगणारच." पंच जप्त झाला. साहेबानं पोलीस बोलावले, त्यांनी त्याला चौकीत नेऊन बाकावर बसवलं. खिसेकापूंच्या शेजारी!

दुपारी जमादार मला म्हणाला, "नंबर खोटा आहे, मला माहीत नव्हतं, एवढं लिहून दे आणि गाडी सोड. प्रकरण इथंच मिटवतो, म्हातारा सुटंल."

तो बाकावरून ओरडला, "मत लिख, वेल्डर! बैठता मैं यहाँ. मत लिख!"

त्याला दमा होता. ओठ निळे पडायला लागले होते. मी लिहिलं. खाली सही केली.

बाहेर आल्यावर त्यानं आधी विचारलं, "पंच दिया क्या?"

"नाही."

"क्या लिखा तू?"

मी सांगितलं. तो रस्त्यातच थांबला. "चार दिन बैठता था मैं. तूने मेरा नंबर झूठा लिख दिया."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. दुकान उघडायचा, पंक्चर काढायचा, तेल बदलायचा. कुणी जुनी गाडी आणून साल विचारलं तर म्हणायचा, "नंबर नहीं देखता मैं." अंगठा पुन्हा टेकवला नाही. दिवाळीच्या सुमाराला दम्यानंच गेला. मी खांदा द्यायला गेलो. त्याच्या भावानं माझ्याकडं बघितलं आणि जागा करून दिली.

साहेबाचा राग अजून जात नाही. खोट्या नंबराच्या गाड्या शहरात बिनघोर फिरतायत. नवा पंच, पूर्ण टांग, सगळं पास. खरा तेवढा धरला. आणि माझाही राग येतो. म्हणून तिथं जे लिहायला हवं होतं ते इथं लिहितो. तो नंबर खरा होता. जुलैचा. त्यानंच ठोकला, माझ्या डोळ्यांसमोर. खोटी होती ती माझी सही.

गाडी भंगारात गेली. पत्र्याचा तो तुकडा साहेबाच्या टेबलाखाली पडला होता, तेवढा मी उचलून आणला. बायकोच्या फोटोपाशी ठेवलाय. डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवतो. टांग निम्म्यातच संपते, आणि अंगठा तिथं थांबतो.