चार दिवसांपुरती वाट

परभणीच्या स्टेशनासमोरच्या मोटार अड्ड्यावर ईश्वरअप्पांचा शब्द चाले. किशनराव मालकांच्या तीन मोटारी कधी सुटायच्या, कुठून जायच्या, हे अप्पा ठरवत. ओढ्याला पूर येवो, झाड आडवं पडो, नाहीतर सुभेदारांची सवारी निघो. सडक बंद झाली की अप्पा घटकाभरात दुसरी वाट काढत. जिंतूरहून सकाळी निघालेली मोटार मनमाडच्या गाडीला कधी चुकली नाही, याचा त्यांना भारी तोरा होता. तोरा असावा की माणसाला, पण तो कोणाच्या जिवावर आहे तेही एकदा बघावं. अप्पांनी ते बघायला तीन वर्षं लावली.

लढाईचे दिवस होते, पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं. मार्गशीर्षात कापसाच्या गाठी भरलेल्या एका लॉरीखाली जिंतूरच्या सडकेवरची मोरी खचली. सरकारी शिपायानं लाल निशाण रोवून सडक बंद केली. अप्पा सायकल मारत तिथं पोचले. सडक मोरीपाशी मोठा वळसा घेत होती. त्या वळशाच्या पोटात कडूबाईचं चार एकर वावर होतं. वावरातून तिरकं गेलं की मोटार पुन्हा सडकेला लागणार होती. कडूबाईचा नवरा आदल्या साली वारलेला. ती एकटीच ज्वारी राखत बसली होती, आणि ज्वारी पोटऱ्यात आलेली, कणसं बाहेर पडायच्या बेतात.

"बाई, मोटारीपुरती वाट द्या," अप्पा म्हणाले.

"उभ्या पिकातून?"

"चारच दिवस. मोरी झाली की बंद."

"समदे असंच म्हणत्यात, अप्पा. एकदा चाक फिरलं की वाट मोडत न्हाई."

अप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. "पाचव्या दिवशी माझी मोटार इथून गेली, तर मीच तिच्यापुढं आडवा पडीन."

लिंगायत माणूस लिंग हातात धरून खोटं बोलत नाही, हे कडूबाईला ठाऊक होतं. ती उठली. मोटारीच्या रुंदीची ज्वारी तिनं आपल्याच विळ्यानं कापली आणि कुंपणाच्या बाभळीच्या फांद्या आपल्याच हातानं बाजूला ओढल्या.

मोरी चार दिवसांत झाली नाही, पण महिन्याभरात झाली. निशाण निघालं. आता अप्पांनी चंद्रभान ड्रायव्हरला एवढंच सांगायचं होतं, की उद्यापासून सडकेनं जा. पण आधी चंद्रभानच बोलला.

"अप्पा, वावरातून अर्धा मैल वाचायलाय. तेल बी वाचतंय. मालक लय खूश हायत."

मालकांनी खरंच चारचौघांत अप्पांची पाठ थोपटली होती. अप्पा घुटमळले. म्हणाले, "बरं, ह्या आठवड्यापुरतं."

त्यांचं पाप म्हणाल तर एवढंच. कोणाला मारलं नाही, लुटलं नाही. एक वाक्य बोलायचं होतं, ते बोलले नाहीत.

कडूबाई दर बाजारच्या दिवशी अड्ड्यावर यायची. भांडायची नाही. "अप्पा, कवा बंद करताव?" एवढंच विचारायची. "पुढच्या आठवड्यात," अप्पा म्हणायचे, आणि ती मान हलवून जायची. रोज संध्याकाळी ती काट्या लावी, रोज सकाळी मोटारीचा क्लीनर त्या काढून टाकी. मोटारीमागून बैलगाड्याही तिथूनच जाऊ लागल्या, आणि उघड्या कुंपणातून गुरं उरल्या पिकात शिरू लागली. मग एके साली कडूबाई यायचीच बंद झाली. अप्पांना आधी सुटल्यासारखं वाटलं. पुढं त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती ह्याचीच.

पूजेला लिंग तळहातावर घेतलं की नजर ठरेना. "आज लवकर उरकली पूजा?" भागम्मा, त्यांची बायको, विचारी, आणि अप्पा उगाच तिच्यावर खेकसत.

मोरी खचल्याला तीन वर्षं झाली त्या मार्गशीर्षात अड्ड्यावर कोणीतरी सहज बोललं, की कडूबाई आता दुसऱ्याच्या रानात रोजानं जाते. अप्पांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या वावरात गेले. वाट दोन गाड्या शेजारून जातील एवढी रुंद झालेली, दोन्ही अंगांना नुसती हराळी. जिंतूरकडून मोटारीचा आवाज आला तसे अप्पा धुतल्या धोतरानिशी वाटेत आडवे झाले.

चंद्रभाननं करकचून ब्रेक दाबला. "अप्पा! चक्कर आली का?"

"माघारी फिर. सडकेनं जा."

"गाडी चुकंल आमची!" आतली माणसं ओरडायला लागली.

तेवढ्यात कामावर निघालेली कडूबाई बांधावर थांबली. मग जवळ आली.

"उठा, अप्पा."

"मी शब्द दिलता, बाई."

"दिलता की. म्या लय वाट बघितली त्याची." तिनं विळ्याचं टोक जमिनीत खुपसून पाहिलं. ते आत शिरलं नाही. "आता हितं काय बी उगवत न्हाई. माणसांला जाऊ द्या."

तिनं अप्पांना दंडाला धरून उठवलं आणि आपल्याच हातानं बाजूला केलं. मोटार गेली. धुरळा बसेपर्यंत दोघं बांधावर उभी होती.

मनमाडच्या गाडीला मोटार त्याही दिवशी चुकली नाही.