विमानातली पंगत

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. आमच्या घरात पेन हातात धरणारा पहिला माणूस मीच, आणि आजवर उत्तरपत्रिकांपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही. एखाद्या माणसाचं चित्र शब्दांत काढायला जो अधिकार लागतो तो माझ्याजवळ नाही. बी.ए.ची सगळी वर्षं मी मेसच्या मावशींच्या हातचं जेवलो, एवढाच काय तो माझा अधिकार. चुकलंमाकलं तर वाचकांनी पोटात घालावं.

सीताबर्डीच्या मागच्या एका गल्लीत मावशींची मेस होती. तुमच्यापैकी कोणी नागपुरात शिकायला राहिलं असेल, तर अशा एखाद्या मावशी तुम्हीही पाहिल्या असतील. पंगत बसली की आमच्या मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहत. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हातात वरणाची पळी. नजर पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई आणि मग प्रश्न येई, "झालं का सगळ्यायचं?"

"झालं, मावशी!" आम्ही एका सुरात ओरडत असू.

पण हा एक सूर त्यांना चालत नसे. "तो बोलला ते त्याचं झालं. तू बोल. तुयं झालं का?" असं प्रत्येकाला विचारून झाल्यावरच त्या स्वतःचं ताट वाढून घेत. तोवर भात गार झालेला असे आणि भाजी बहुतेक वेळा संपलेली असे.

दुसरा नियम असा, की माणूस पाटावर बसलेला असेतोवर त्याचं ताट उचलायचं नाही. त्याच्या ताटात कढीपत्त्याचं एक पान का उरलेलं असेना. मौदा या माझ्या गावाहून मी पहिल्यांदा आलो तेव्हा बुजून फार हळू जेवत असे. शेजारच्या मुलाने मदत म्हणून माझं ताट सरकवलं, तर मावशींनी त्याच्या मनगटावर पळी ठेवली. मारली नाही, नुसती ठेवली. "माणूस बसला हाय ना गा अजून?"

अशा या मावशी एकदा विमानात बसून आल्या होत्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा इंजिनियर होऊन स्वित्झर्लंडला यंत्रांच्या कारखान्यात लागला होता. दोन वर्षांसाठी म्हणून गेला आणि मग पत्रांतून 'यंदा नाही, पुढच्या वर्षी' असं येऊ लागलं. मेसच्या वर त्याची खोली होती. दर दिवाळीला तिला चुना लागे, खाटेवरची चादर बदलली जाई आणि पुन्हा कुलूप. खोलीसाठी किती मुलांनी विनवण्या केल्या. पुढे मीही केली, कारण मी ज्या नातेवाइकांकडे राहत होतो तिथे एकाच खोलीत शिलाई मशीन, तीन लहान मुलं आणि माझा अर्थशास्त्राचा ग्रंथ अशी सगळी वस्ती होती. मावशींचं उत्तर ठरलेलं, "ते माह्या पोराची हाय. तो आला म्हणजे कोठी झोपन?"

शेवटी मुलाने तिकीट पाठवलं आणि मावशी निघाल्या. आपण त्याला आणायला चाललो आहोत, हे त्यांनी भाजीवालीला सांगितलं, शेजारणींना सांगितलं, गल्लीतल्या न्हाव्यालाही सांगितलं. मेस बहिणीवर सोपवली आणि महिनाभर गेल्या. परत आल्या त्या एकट्याच.

हा प्रवास मी मेसमध्ये येण्याच्या आदल्या वर्षी घडलेला. मी ऐकली ती फक्त विमानाची गोष्ट. आणि तीही किती वेळा!

मुंबईहून फ्रँकफर्टपर्यंतचं लांबचं विमान त्यांच्या लेखी विमानच नव्हतं. "ते आपलंच होतं. भात देल्ला, लोणचं देल्लं, रातभर झोपली." गोष्ट सुरू होई ती तिथून पुढे झुरिकला जाणाऱ्या परक्या कंपनीच्या लहान विमानाची. तासाभराचाही प्रवास नव्हता तो. पण मावशींनी तो आम्हाला तीन वर्षं पुरवला.

"पयलीच गोष्ट म्हणजे पंक्तिभेद," त्या सांगत. "पुढं एक पडदा लावला होता. पडद्याच्या तिकडं काचेचे गिलास वाजून राहिले, न् इकडं आमच्या हातात कागदाचे कप. एका विमानात दोन पंगती! माह्या मेसमध्ये असं कोणी केलं असतं तर बाहेर काढला असता."

रामटेकचा एक मुलगा आमच्या पंगतीत होता. त्याला आम्ही रामटेककरच म्हणत असू. चेहरा गंभीर ठेवून थट्टा करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो विचारी, "मावशी, मग तुम्ही पडदा काहून नाही सारला?"

"बांधून ठेवलं होतं मले! पट्टा होता पोटाले."

पण पट्ट्याने मावशी थांबणार होत्या थोड्याच. विमान वर जाऊन सरळ झालं आणि दोन मुली गाडा ढकलत वाढायला आल्या. मावशींनी मान वळवून पंगत पाहिली. एवढी माणसं, वाढणाऱ्या दोघी, आणि वेळ हा एवढासा. मेस चालवणाऱ्या बाईला हे दृश्य बघवेना. शेजारच्या माणसाचं बघून त्यांनी पट्टा सोडला, पदर खोचला आणि गाड्यावरचे ट्रे उचलून मागच्या ओळीत द्यायला सुरुवात केली.

"दोन ओळी वाढून टाकल्या मी. ते पोरगी पाहतच राहिली. मंग आली, हसली, मले खांद्याले धरून बसवलं न् पट्टा बांधून टाकला. लहान लेकराले बांधते तसा."

"मग?" आम्ही सगळे. पुढचं तोंडपाठ असूनही.

"मंग काय. माह्या पुढं ताट ठेवलं. एक गोल पाव, लोण्याची वडी, पिवळ्या चीजचा तुकडा, चौकोनी केक. सकाळपासून पोटात काही नोयतं. पण मांगचे लोक राहिले होते ना! त्यायले वाढलं नाही तवरीक मी कशी खाऊ? ताटावर पदर टाकून बसली."

खिडकीपाशी बसलेल्या साहेबाने चार घासांत आपलं संपवलं. मावशींनी त्याला आपला केक पुढे केला. तो नको म्हणाला. मावशींनी आग्रह केला. तो पुन्हा नको म्हणाला. मावशींचा आग्रह ज्यांनी सोसला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. साहेबाने केक खाल्ला.

मग मावशींनी पट्ट्यात जमेल तेवढं मागे वळून अख्ख्या विमानाला विचारलं, "झालं का सगळ्यायचं?"

कोणीच उत्तर दिलं नाही. तेवढ्यात विमान खाली उतरू लागलं. मुली आता रिकामे ट्रे गोळा करत भराभर येत होत्या. एकीने मावशींचा ट्रे धरला. मावशींनीही धरला.

"मी म्हटलं, अवं पोरी, मी जेवली नाही वं अजून! ते म्हणते, थँक्यू. मी म्हटलं, थँक्यू काय, सोड! ते अजून म्हणते, थँक्यू. न् नेलं! भरलेलं ताट नेलं, बाप्पा! माणूस समोर बसला असताना!"

इथे मावशींचा आवाज खरोखर चढत असे. वर्षं लोटली तरी तो अपमान ताजा होता. त्या कंपनीचं नाव त्यांना आठवत नव्हतं हे बरं, नाहीतर नागपुरातून तिच्यावर बहिष्कार पडला असता.

आमच्या मेसची भाषाच त्या विमानाने बदलून टाकली. एखाद्या दिवशी घाईघाईने वाढलं गेलं की रामटेककर म्हणे, "आज विमान हाय वाटते." कोणी हळू जेवत असला की तो त्याच्या ताटाकडे हात नेऊन गोड आवाजात "थँक्यू" म्हणे आणि मावशींची पळी यायच्या आत हात मागे घेई. रविवारी झणझणीत तर्रीचा रस्सा असे. तेव्हा पोरं पहिली वाटी मिळावी म्हणून दाराच्या बाजूला बसत. त्या जागेला 'पडद्यामागे' असं नाव पडलं होतं. मावशी ओरडत, "चाहाटळ पोट्टे!" आणि हसू लपवायला आत जात.

मात्र गोष्ट नेहमी एकाच ठिकाणी थांबे. "मंग उतरलो. चला, उठा आता, भांडे पडले हाय." विमानाच्या दारापुढे ती कधी सरकली नाही. आणि गल्लीतल्या कोणी "मुलगा कधी येतो, बाई?" असं विचारलं, की मावशी म्हणत, "येईन ना. पण त्या विमानात माह्यं ताट कसं नेलं, ते सांगितलं का तुमाले?" झालं. विचारणारा हसून हसून पुढे जाई आणि काय विचारलं होतं ते त्याला आठवतही नसे. हे माझ्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली. मी तसा संथच आहे.

शेवटच्या वर्षीची गोष्ट. परीक्षा जवळ आली होती. रविवारी संध्याकाळी मेस बंद असे, त्यामुळे दुपारची पंगत उठली की पोरं पांगत. घरी शिलाई मशीन चालू होतं म्हणून मी तिथेच भिंतीला टेकून वाचत बसलो होतो. वर बुद्धाची तसबीर, खाली सूप घेऊन तांदूळ निवडणाऱ्या मावशी. बरं वाटत होतं.

मी काही ठरवून विचारलं नाही. सहज तोंडून गेलं, "मावशी, विमानातून उतरल्यावर पुढे काय झालं?"

त्यांचा हात सुपात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"काचेचं दार होतं," त्या म्हणाल्या. "आपोआप सरकलं. समोर उभा होता. इथून गेला तवा उसना कोट नेला होता त्यानं. बाह्या बोटायपर्यंत आल्या होत्या. हासत होते सारे. आता अंगात दुसरा कोट होता. असा बसला होता गा त्याले, का जसा अंगावरच शिवला. लोकायसंगं त्यायच्या भाषेत बोलला. माही पेटी उचलली न् पुढं चालाले लागला. त्याले रस्ता विचारा लागला नाही."

मी पुस्तक मिटलं.

"विमानात साऱ्या रस्त्यानं घोकत आली होती, का भेटला का म्हणीन, चाल बाबू घरी. पयलं तेच म्हणीन, मंग बाकीचं. पण त्याले पाह्यलं न् समजलं."

"मग महिनाभर? एकदाही विचारलं नाही?"

"नाही."

"काहून, मावशी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अगदी अडाणी बोललो होतो. "भरल्या ताटावरून माणसाले उठवते का गा कोणी?"

मग त्या उठल्या, पदराला हात पुसले, आत गेल्या आणि किल्ली घेऊन आल्या. "जा, वर बसून वाच. खिडकी घट्ट झाली हाय, जोर लाव. न् चादर झटकून घे." मी उभा राहून काहीतरी आभाराचं बोलू लागलो तर म्हणाल्या, "बोलू नको. पास हो."

पास झालो. बरा झालो. एम.ए.साठी औरंगाबादला गेलो. निघताना मावशींनी डब्यात पोळ्या आणि झुणका दिला आणि गाडीत सगळ्यांसमोर आधी स्वतः खा, माझ्यासारखं करू नको, असं बजावलं. त्या खोलीत माझ्यानंतर दुसरा एक मुलगा राहायला आला, हे कळलं होतं. नंतर पत्रव्यवहार राहिला नाही. मावशींना लिहायचा सराव नव्हता आणि मला, सांगितलंच, अजूनही नाही.

या उन्हाळ्यात सुटीला आलो तेव्हा सीताबर्डीवर कपड्यांच्या दुकानांसमोर रामटेककर भेटला. आता तो एका शाळेत मास्तर आहे. मी त्याच्याकडे पाहून लांबूनच "थँक्यू!" म्हणालो. तो हसला नाही.

"मावशी गेल्या," तो म्हणाला. "तुले समजलं नसन. थंडीतच गेल्या."

रस्त्याच्या कडेला सरकून मी विचारलं, "मुलगा आला होता?"

"मातीले नाही पोचला. पुण्यानुमोदनाच्या जेवणाले होता. जुने पोट्टे आलो होतो बरेच, त्यानं स्वतः वाढलं आमाले. मंग आमच्यातच येऊन बसला. म्हणे, आई महिनाभर माझ्याकडे होती. रोज वाटायचं, आज म्हणेल, घरी चल. नोकरी सोडीन म्हणून मी कारखान्यात सांगूनही ठेवलं होतं. पण तिनं एकदाही म्हटलं नाही. मला वाटलं, तिला तिची पोरं आहेत, माझ्यावाचून काही अडत नाही."

"मग तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणन? म्हटलं, दादा, तुमाले आणालेच तर गेल्या होत्या त्या. पुऱ्या गल्लीले माहीत होतं. कोपऱ्यावरच्या न्हाव्यालेबी माहीत होतं."

"मग?"

"उठला न् बाहेर ओट्यावर जाऊन बसला. लोक त्याच्या बाजूनं जाऊन-येऊन राहिले. कोणी नमस्कार करे, कोणी खांद्यावर हात ठेवे. त्याले काही समजत नोयतं. आमी निघालो तवाही तो तिथंच होता."

एवढं सांगून रामटेककर समोरच्या दुकानात टांगलेल्या शर्टांकडे बघत राहिला. त्याला शर्ट घ्यायचा नव्हता.