नऊ बंद घरांच्या चाव्या

उमरठच्या वर डांबरी रस्ता संपला की पाऊण तास चढण आहे, आणि ती चढली की दाभेकोंड लागतं. एकवीस घरांची वाडी. त्यातली बारा घरं उघडी, नऊ बंद. बंद घरांतली माणसं मुंबईला, विरार-दिव्याकडे. ती शिमग्याला येतात, गणपतीला येतात आणि कोणी गेलं तर येतात. एरवी त्या नऊ घरांच्या चाव्या भागोजी कळंबे याच्या घरात, मधल्या खांबावर, नऊ खिळ्यांना लटकलेल्या असतात. प्रत्येक चावीला त्या त्या घरातल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. अंधारातसुद्धा भागोजीला हात लावून कळतं, ही कोणाची.

भागोजीचं वय अडुसष्ट. सव्वीस वर्षं त्यानं मुंबईत एका गोदामाच्या दारावर काढली. गावी परतला तेव्हा पहिली चावी प्रयागबाईनं दिली, मग एकेक करत नऊ झाल्या. त्यानं त्याचा नेम बांधून घेतला. शनिवारी सकाळी आंघोळ करून निघायचं, प्रत्येक घर उघडायचं, झाडायचं, वाळवी लागली का बघायचं, धूर करायचा आणि देवापुढं दिवा लावून कुलूप घालायचं. दुपारी दोनला घरी. तेवीस वर्षांत चुकलेले शनिवार त्याच्या दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. बायको शकू म्हणायची, तुमाला स्वतःच्या घरचा केर दिसत नाय, दुसऱ्याचा बरा दिसतो. त्यावर तो हसायचा. ही शाबासकीच आहे असं त्याला वाटायचं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी त्यानं सुनीलचं घर उघडलं तर माजघरात आभाळाचा उजेड पडलेला. कौलं उतरवून कोणीतरी आत उतरलं होतं. तांब्याचे हंडे गेले होते, पितळेची परात गेली होती, आणि देव्हाऱ्यातले चांदीचे टाक, खापरपणज्यापासूनचे देव, तेही गेले होते. ओळीनं पाच घरांत तीच तऱ्हा.

आता शहरातला माणूस असता तर दाराबाहेर आला असता आणि फोन केला असता. भागोजीनं आधी घराचं पाहिलं. देव्हारा रिकामा ठेवू नये, ही आपल्याकडची रीत. त्यानं जमीन झाडली, शेणानं सारवली, टाकांच्या जागी तांदूळ घालून सुपाऱ्या मांडल्या आणि दिवा लावला. भोक उघडं राहिलं तर माकडं उतरतील म्हणून शिडी लावून कौलं नीट बसवली. पाच घरं, दोन दिवस. सोमवारी पोलीस ठाण्यात गेला तेव्हा त्याला वाटत होतं, आपल्याकडून काही राहिलेलं नाही.

ठाण्यात साहेब नव्हते. महाडला एका पक्षाचा मोर्चा होता, बंदोबस्त तिकडे. दुसऱ्या खेपेला त्या मोर्चाच्या विरोधातला मोर्चा होता. तिसऱ्या खेपेला कोणा पुढाऱ्याच्या फलकावर कोणीतरी चिखल फेकला होता, त्याच्या तपासाला चार माणसं गेली होती. त्या दोन महिन्यांत हायवेच्या वळणावर एका बाईच्या गळ्यातलं गेलं, बाजारातून मोटारसायकली गेल्या, आसपासच्या तीन वाड्यांत बंद घरं फुटली. बाकावर बसून भागोजीला हे सगळं बाकीच्या तक्रारदारांकडून कळत होतं. बाक कायम भरलेला असायचा, खुर्च्या रिकाम्या. चौथ्या खेपेला साहेब भेटले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. त्यानं अर्ज वाचला.

“कौलं कोणी बसवली?”

“मीच.”

“सारवलं कोणी?”

“मीच, साहेब.”

“कुलपं शाबूत. चाव्या कोणाकडे?”

“माझ्याकडंच.”

“मग आजोबा, यात चोरानं नक्की काय केलं?”

खोलीतले सगळे हसले. भागोजीही थोडा हसला, कारण त्याला उशिरा कळलं. कळलं तेव्हा तो फाट्यापर्यंत चालत आला होता आणि तिथं दरडीच्या कठड्यावर बसून राहिला. गुन्हा नोंदवला नव्हता. अर्जावर शिक्का मारून, त्याचा मोबाईल नंबर लिहून घेऊन, पोच दिली होती.

पोच मुंबईकरांना पुरेना. वाडीच्या मुंबईतल्या मंडळाचा सेक्रेटरी सुनील. त्याच्या बारशाला भागोजीनं पाळण्याची दोरी बांधली होती. त्याचा फोन आला. बोलणं फार गोड होतं. ग्रुपवर चर्चा झाली म्हणाला. काही लोकांचं म्हणणं आहे, कुलूप न तोडता चोरी कशी होते. काका, माझं असं काय नाय, पण शिमग्याच्या बैठकीला एफआयआरची कॉपी आणा, नायतर चाव्या मंडळाकडे जमा करा. एवढं बोलून तब्येत विचारली आणि ठेवला.

भागोजी त्या रात्री जेवला नाही. शकूनं ताट झाकून ठेवलं आणि दोन दिवस सुनीलच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

त्याची पुतणी तेजश्री महाडला एसटी डेपोसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात काम करते. बीकॉम झालेली, जिभेला धार. फेब्रुवारीत एका मंत्र्याचा महाडला कार्यक्रम ठरला. रविवारचा. बुधवारी सकाळी तेजश्रीनं मोबाईलवर चार ओळी लिहून सोडल्या : आमच्या वाड्यांतल्या देवांची चोरी झाली, दोन महिन्यांत एक पोलीस वर चढला नाही. रविवारपर्यंत गुन्हा नोंदवला नाही तर मंत्र्यांना काळे झेंडे दाखवू.

तिनं सकाळी दहाला सोडलं. दुपारी एक वाजता दाभेकोंडात पोलीस. दोन महिन्यांत जी चढण कोणाला झेपली नव्हती ती सहा जणांना पाऊण तासाच्या आत झेपली. भागोजीला वाटलं, आला एकदाचा पंचनामा. तो खांबावरच्या चाव्या काढायला आत धावला. बाहेर आला तर पार्टे हवालदारानं त्याच्या हातात कागद दिला. प्रतिबंधक नोटीस. तेजश्रीच्या नावानं एक आणि भागोजीच्या नावानं एक.

भागोजीनं विचारलं, मी काय केलं? पार्टे दम खात पायरीवर बसला. जुना माणूस, निवृत्तीला आलेला. वरून हुकूम होता की वाडीतल्या जबाबदार माणसालाही नोटीस द्या, म्हणाला. वाडीतलं एकच नाव आणि एकच नंबर ठाण्याच्या कागदात होता, तो तुमच्या अर्जातला.

“म्हंजे माझा अर्ज वाचला तुमी,” भागोजी म्हणाला.

“नंबर वाचला,” पार्टे म्हणाला, आणि पाणी मागितलं.

शनिवारी काका-पुतणीला जामीनपत्रावर सह्या करायला ठाण्यात बोलावलं. सकाळी नऊला बोलावलं आणि सही संध्याकाळी पाचला झाली. मधले आठ तास भागोजी त्याच बाकावर. त्याला नोटिशीचं वाईट वाटत नव्हतं तितकं नेम मोडल्याचं वाटत होतं. नऊ घरं त्या दिवशी उघडली गेली नाहीत.

रविवारी सकाळी सातला पार्टे हवालदार पुन्हा चढून आला, बरोबर सेजल नावाची महिला शिपाई. मंत्र्यांची गाडी परत जाईपर्यंत दोघांवर नजर ठेवायची, दर तासाला बंदोबस्ताच्या ग्रुपवर हालचालीचा अहवाल आणि फोटो टाकायचा. तेजश्री सुट्टीसाठी घरी आलेलीच होती. शकूनं चहा केला, कपाळाला आठ्या घालून, पण केला. तेजश्री सेजलला म्हणाली, झेंडा शिवलेलाच नाय गो मी, काळं कापड पण नाय घरात, छत्री हाय एक ती घेऊन जा. सेजलला हसू आलं आणि तिनं ते वहीत तोंड घालून लपवलं.

भागोजीनं पार्टेला विचारलं, घरातच बसायचं का? पार्टे म्हणाला, वाडीत कुठंही फिरा, वाडीबाहेर नाय. तुमी जाल तिथं आमी मागं.

 भागोजीनं उठून खांबावरच्या नऊही चाव्या काढल्या.

“चला मग,” तो म्हणाला. “काल माझा शनिवार चुकलाय.”

असा तो दिवस सुरू झाला. पुढं भागोजी, मागं हवालदार, त्याच्यामागं सेजल वही घेऊन, शेवटी तेजश्री. सुनीलच्या घरात शिरून भागोजीनं सगळं दाखवलं, हंडे कुठं होते, कौलं कुठली उतरवली होती. पार्टे सांगत राहिला की बाबा, आज आम्ही चोरीसाठी आलो नाही, तुमच्यासाठी आलो आहोत. भागोजी म्हणाला, मग माझंच लिवा. मी कुठं उभा हाय ते लिवा. तेव्हा सेजलनं लिहिलं : सकाळी ८.२०, इसम नामे भागोजी हा सुनील यांच्या बंद घरात, रिकाम्या देव्हाऱ्यापुढे. भागोजी वाकून बघत होता. सुपाऱ्या पण लिवा, बाई, म्हणाला. तिनं सुपाऱ्या लिहिल्या. फोटो काढून अहवाल ग्रुपवर गेला. पाच घरं अशी झाली. बंदोबस्ताच्या ग्रुपवर जिल्ह्याचे वरिष्ठही होते, आणि दर तासाला एका म्हाताऱ्याचा दिवा लावतानाचा फोटो त्यांना जात होता.

सहावं घर प्रयागबाईचं. डिसेंबरात वाचलेलं. भागोजीनं कुलूप काढून दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबला. माजघरात उन्हाचा चौकोन पडला होता. खाली फुटलेली कौलं, धान्याची कणगी आडवी, देव्हारा रिकामा, आणि मातीच्या जमिनीवर अनवाणी पायांचे ठसे, ताजे. शनिवारी तो ठाण्यात बसला होता आणि ठाणं मंत्र्याच्या तयारीत होतं. चोरांना दोन्ही गोष्टी माहीत असाव्यात.

भागोजीचा हात आपोआप कोपऱ्यातल्या केरसुणीकडे गेला.

“काका,” सेजल म्हणाली, “हात लावू नका. कशालाच नका.”

भागोजीनं हात मागं घेतला आणि पाठीमागं धरून उभा राहिला.

पार्टेनं साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज खोलीभर ऐकू आला. मंत्र्यांचा ताफा अर्ध्या तासात येतोय, तुला तिथं चोरी पकडायला पाठवलं नाही. “पकडली नाय साहेब,” पार्टे म्हणाला, “दिसली.” पलीकडून फोन बंद झाला. पार्टेनं मोबाईल खिशात घातला. मग सेजलला म्हणाला, अकराचा अहवाल टाकायची वेळ झाली ना? टाक. जे समोर हाय ते टाक. दार सोडायचं नाय आता. आणि स्वतः उंबऱ्याबाहेर पायरीवर बसला तो संध्याकाळपर्यंत. मंत्री दोन तास उशिरा आले, बारा मिनिटं बोलले आणि गेले. तेजश्रीनं मोबाईलवर ऐकलं. तालुक्यात कायदा-सुव्यवस्था चोख असल्याबद्दल त्यांनी पोलिसांचं कौतुक केलं. शकू म्हणाली, बंद कर तो, दूध नासंल.

मंगळवारी ठशांचे लोक आले, पंचनामा झाला, आणि सहाही घरांचा मिळून एक गुन्हा नोंदवला गेला. वरिष्ठांनी ग्रुपवर विचारलं होतं म्हणे, हा फोटो कसला आहे. दोन महिन्यांत अर्जानं जे झालं नाही ते पाळतीच्या अहवालानं झालं. भागोजीला आनंद व्हायला हवा होता. पण त्याला सारखा तो बाक आठवत होता आणि त्यावरची माणसं. त्यांच्यावर पाळत कोण ठेवणार?

शिमग्याच्या आदल्या दिवशी सकाळी देवळाच्या सभामंडपात मुंबईकरांची बैठक बसली. भागोजी धुतलेला सदरा घालून गेला, एफआयआरची प्रत घडी न मोडता घेऊन. सुनीलनं ती मोठ्यानं वाचली. पोलिसी भाषा ती. ‘मी समक्ष हजर राहून जबाब लिहून देतो की, सदर घरांच्या चाव्या माझ्याच ताब्यात असतात. सदर घरांतील जमीन मी स्वतः सारवली असून कौले मी स्वतः बसविली आहेत.’ शब्द न् शब्द खरा होता आणि खाली भागोजीचीच सही होती. वाचून झाल्यावर मंडपात एक जण खाकरला. सुनील म्हणाला, तसं कागदात काका निर्दोष आहेत असं कुठं म्हटलेलं नाय.

भागोजी उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही.

“कागदाचं ठेव बाजूला. सुनील, तू सांग. मी चोर हाय का?”

सुनील कागदाची घडी घालू लागला. घडी जुळेना.

प्रयागबाईचे तर देवच आठवड्यापूर्वी गेलेले. ती बायकांच्या घोळक्यातून म्हणाली, “माझी चावी तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे रे भागोजी. ज्याला नको त्यानं आपली न्यावी, आणि दर शनवारी दिव्यावरनं येऊन दिवा लावावा.”

त्यावर हशा झाला, माना हलल्या, आमची पण राहू दे, आमची पण, असे आवाज आले. भागोजी मोजत होता. प्रयागबाई धरून सात झाले. सुनील आणि त्याचा चुलतभाऊ, दोघं बोलले नाहीत. नंतर सुनील म्हणालाही, राहू दे काका, आता सगळ्यांचं म्हणणं असेल तर. पण भागोजी तोवर घरी जाऊन आला होता. त्यानं त्या दोन चाव्या सुनीलच्या हातावर ठेवल्या, चिंध्यांसकट.

“सगळ्यांचं म्हणणं नको मला,” तो म्हणाला. “तुझं पायजे होतं.”

शिमगा झाला, मुंबईकर गेले. चोर अजून सापडलेले नाहीत. पुढच्या शनिवारी भागोजी सकाळी आंघोळ करून निघाला. सात घरं झाली तेव्हा बारासुद्धा वाजले नव्हते. सुनीलच्या अंगणात पाला साचला होता. तो तिथून सरळ पुढं गेला आणि त्या दिवशी पहिल्यांदा दुपारचं जेवण वेळेवर जेवला.