शेवटच्या पानासाठी दोह्याला

विमान कतारच्या राजधानीवर, दोह्यावर घिरट्या घालत होतं, आणि खिडकीतून दिसणारं वाळूचं सपाट, फिकट मैदान बघून मला माझं कोरं पानच आठवलं. त्या पानानं मला नाशिकपासून छळलं होतं.

मी लहान मुलांसाठी पुस्तकं लिहिते, चित्रंही मीच काढते. नवं पुस्तक होतं आखाती किनाऱ्यावरच्या एका गुलाम बाईचं आणि तिच्या लेकीचं. मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या घरी राबणारी ती बाई शेवटी मोकळी होते. बाकी सगळं झालं होतं, शेवटचं पान तेवढं अडलं होतं. पुण्याचे संपादक म्हणाले, "ताई, शेवट दणक्यात हवा. ढोल, दिवे, नाच! मुलांना आनंद दिसला पाहिजे." त्यांचंही खरंच होतं. गुलामगिरी संपल्याचा आनंद सांगणारी देशोदेशीची मुलांची पुस्तकं मी जमवली आहेत. कुठे ढोल, कुठे शेकोटी, कुठे लाल सरबत. पण ते त्या त्या गावात झालं होतं. इथं काय झालं? ज्या दिवशी सुटका झाली, त्या दिवशी या लोकांनी नेमकं केलं काय? ते ठाऊक नसताना ढोल काढायचा म्हणजे शुद्ध थाप, आणि मुलांना थापा मारायच्या नाहीत असं मी ठरवलेलं आहे. "महिनाअखेरपर्यंत पान झालं नाही," संपादकांनी बजावलं, "तर दुसऱ्या कुणाकडून ढोल काढून घेईन." माझ्या पुस्तकात दुसऱ्याचा ढोल! मी त्याच तिरमिरीत तिकीट काढलं.

विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि इडलीपात्राचं झाकण उघडावं तशी वाफ तोंडावर आली. धाकटी बहीण मृणाल घ्यायला आली होती, सोबत तिची आठ वर्षांची तन्वी.

"मावशीला नमस्कार कर," मृणाल म्हणाली.

"हाय मावशी! डिड यू ब्रिंग चिवडा?"

"आणलाय गं बाई. मराठीत मागितलास तर मिळेल."

मृणाल "यल्ला, यल्ला" (चला, चला) करत सामान गाडीत कोंबत होती. अबू हमूरला तिच्या घरी पोचेपर्यंत मला एकही माणूस पायी चालताना दिसला नाही. जिकडे तिकडे गाड्या, भिंतीआडचे बंगले आणि मॉल.

दुसऱ्या दिवशी गुलामगिरीचा इतिहास मांडलेलं संग्रहालय पाहिलं. जुन्या दोह्यातल्या एका घरातच ते आहे. आफ्रिकेतून आणलेली माणसं, मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारणारे पुरुष, घराघरांत राबणाऱ्या बायका. ते सगळं पाहून झाल्यावर तिथल्या तरुण मुलीला मी माझा प्रश्न विचारला.

"कायदा कधी झाला ते सांगू शकते," ती इंग्रजीत म्हणाली. "त्या दिवशी घरात काय झालं, ते घरच्यांनाच विचारायला हवं. पण मॅडम, घरचे लोक हे बोलत नाहीत."

झालं! जिथं उत्तर मिळायचं तिथंच कुलूप.

शुक्रवारी मृणालच्या नवऱ्यानं, मिलिंदनं, आम्हाला दुखानला नेलं. तो तिथल्या तेलक्षेत्रात इंजिनियर. वाटेत दोन्ही बाजूंना वाळू, पाइप आणि मधूनच जळणारी एखादी ज्योत. समुद्र मात्र असा निवांत, की त्याला कुणी लाट म्हणजे काय ते सांगितलंच नसावं. धपाट्यांवर ताव मारला आणि किनाऱ्यावर बसून मी हट्टानं चित्र काढलं: ढोल, टाळ्या, हात वर करून नाचणारी माणसं. तन्वी खांद्यावरून वाकून बघत होती.

"व्हाय आर दे ऑल लुकिंग ॲट अस?"

बघते तर खरंच. सगळे शाळेच्या फोटोसारखे समोर बघून हसत होते. स्वतःसाठी कुणीच नाचत नव्हतं. मी तो कागद चुरगाळला आणि परतीच्या वाटेवर कुणाशी धड बोलले नाही.

मृणालच्या ऑफिसात मरियम नावाची कतारी मैत्रीण आहे. तिच्या घरचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, हे मृणालला कित्येक वर्षांच्या मैत्रीनंतर कळलं होतं. मरियमनं आम्हाला मदिनत खलीफा वस्तीत तिच्या आजीकडे चहापाण्याला बोलावलं.

"ताई, तिथं धाडकन काही विचारू नकोस हं," मृणालनं गाडीत बजावलं.

"मी कधी विचारते धाडकन?"

आजी ऐंशीच्या घरातल्या, सावळ्या, मिश्कील डोळ्यांच्या. खजुराचं ताट आलं. मरियम हातात दल्ला (लांब चोचीची कॉफीची किटली) घेऊन उभी राहिली आणि फिंजानात (बिनकानाच्या इवल्या पेल्यात) वेलचीचा वास येणारी कॉफी ओतू लागली. मी प्यायले. तिनं पुन्हा ओतली. नको कसं म्हणायचं, म्हणून पुन्हा प्यायले. असं कितीदा झालं कोण जाणे, माझं पोट डुचमळायला लागलं. मरियम आपली उभीच!

आजींना हसू आवरेना. "हिलाओ, हिलाओ!" त्या हिंदीत म्हणाल्या. भारताशी जुना व्यापार, त्यामुळे इथल्या म्हाताऱ्या माणसांना मोडकीतोडकी हिंदी येते.

"अगं, पेला हलवून परत दे," मृणाल कुजबुजली. "म्हणजे 'पुरे'. तोवर ती बसत नाही."

"मग आधी सांगायचं ना, शहाणे!" मी पेला असा हलवला की उरलेली कॉफी साडीवर सांडली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मरियम बसली. आजी अरबीत सावकाश काही बोलल्या आणि मरियमनं इंग्रजीत सांगितलं, "आजी म्हणते, तिची आईसुद्धा अशीच उभी असायची. पाहुणे गप्पांत रंगायचे, पेला हलवायला विसरायचे. पण आईला बसता यायचं नाही. घर तिचं नव्हतं."

आणि मी धाडकन विचारलंच, तेही हिंदीत. "वो आज़ाद हुई, उस दिन क्या किया?"

मृणालचं कोपर माझ्या बरगडीत. मरियमनं मान खाली घातली. वाटलं, गेलं सगळं. पान तर गेलंच, बहिणीची मैत्रीणही गेली.

आजींनी मात्र जपमाळ मांडीवर ठेवली. "सोया," त्या म्हणाल्या. "माँ बहुत सोया."

पुढचं त्या अरबीत बोलल्या आणि मरियम त्यांच्याच शब्दांत सांगत गेली: आई पहाटेची नमाज पढली आणि पुन्हा आडवी झाली. असं तिनं कधीच केलं नव्हतं. सहा-सात वर्षांची मी तिला उठवायला गेले, तर बाबांनी हात धरला. पाणी भरायचं नव्हतं, कुणाची चूल पेटवायची नव्हती. ऊन भिंतीवर चढलं तरी ती झोपलेलीच. मी दारात बसून राहिले. शेजारची बकरी ओरडायला लागली, की तिचं तोंड धरायची.

मरियम आजीकडे बघतच राहिली होती. हे तिनंही कधी ऐकलं नव्हतं.

"पुस्तकात काढू का?" मी विचारलं.

आजींनी विचार केला. "काढ. आईचा चेहरा नको. बकरी मात्र नीट काढ. तपकिरी होती. फार हट्टी."

निघताना मी "शुक्रन" (आभारी आहे) म्हटलं, आणि एवढंसंच म्हणता येतं याची चुटपुट लागून राहिली.

परतीच्या विमानात माझ्या मांडीवर ते पान होतं: अंगभर पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपलेली बाई, उंबऱ्यावर उन्हात बसलेली मुलगी, तिच्या मुठीत बकरीचं तोंड. आनंद म्हणजे आवाज असं मी आजवर धरून चालले होते. या घरातला आनंद हा होता, की कुणी हाक मारली नाही.

संपादकांनी पान बघून कपाळाला हात लावला. "अहो ताई, यात सण कुठाय? मुलं विचारतील, पुढं काय?"

"मग मुलांनाच दाखवू," मी म्हटलं.

आमच्या नाशिकमधल्या एका शाळेत दुसरीच्या वर्गात आम्ही दोघं गेलो. मी चित्रं दाखवत वाचत होते आणि वर्गात नेहमीचा गोंगाट चालला होता. बकरी बघून पोरं खिदळली. संपादक माझ्याकडे 'बघा' अशा नजरेनं बघत होते. त्यांनी मुलांना मोठ्यानं विचारलं, "काय रे, आवडला का शेवट?"

पुढच्या बाकावरच्या मुलीनं मागं वळून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना सर," ती म्हणाली. "ती उठेल."