सप्तमीची भरती

आमच्या घरात भरतीची वेळ कुणी मोबाइलवर बघत नसे. तसा नियम कुणी केला नव्हता. पण बाबा समोर बसलेले असताना मोबाइलला विचारायचं, म्हणजे आईने स्वयंपाक करून ठेवलेला असताना बाहेरून डबा मागवण्यासारखं झालं असतं.

बाबांचं सगळं आयुष्य जासईच्या बाजूला मिठागरात गेलं. खाडीचं पाणी आत कधी घ्यायचं, बांधाच्या उघाडीची झडप कधी बंद करायची, सगळं तिथीवर ठरायचं. तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुढे मिठागर गेलं, तिथे कंटेनर रचले गेले आणि आम्ही पनवेलला फ्लॅटमध्ये राहायला आलो. बाबांबरोबर त्या चौथ्या मजल्यावर आली ती फक्त भरती-ओहोटी. सकाळी चहाचा कप हातात आला की ते खिडकीकडे बघत सांगायचे, "आज तीनला भरल पानी." खिडकीतून दिसायची समोरच्या बिल्डिंगमधली वाळत घातलेली धुणी. मला बेलापूरला ऑफिस गाठायचं असायचं आणि त्या भरतीशी माझा काडीचा संबंध नव्हता. तरी ती ऐकल्याशिवाय मी घराबाहेर पडत नसे. माणसाकडे एवढंच उरलंय हे मला दिसत होतं, आणि ते कुणी काढून घेतलेलं मला चाललं नसतं.

त्या दिवाळीत फिरायला जायची हौस माझीच. आईबाबा कधी कुठे राहायला म्हणून गेलेच नव्हते. भाऊबीजेला दुपारी आत्याकडे जेवलो, तिने बाबांना ओवाळलं, आणि तिथूनच मी गाडी रत्नागिरीच्या दिशेने काढली. दुसऱ्या दिवशीचा बेत ठरलेला होता. खाडीतून होडीने नदीत वर जायचं, धबधबे बघायचे, संध्याकाळच्या आत परत.

होडीवाला पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता. एकच्या सुमाराला आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना झाडी, वर डोंगर, आणि पाणी आमच्याच दिशेने चढत होतं. बाबा पुढच्या फळीवर ताठ बसले होते. कितीतरी दिवसांनी त्यांना ताठ बसलेलं बघत होते मी.

वरच्या वळणावर होडी लावताना होडीवाला म्हणाला, "चारच्या आत निघायचं हां. खाली चिखलाची भर आहे, पाणी उतरलं की होडी टेकते."

"चार कशाला?" बाबा म्हणाले. "आज सप्तमी हाय. सवापाचला भरल पुरं. आन भांगाचं पानी, जोर नसतो त्याला, सुकतीला पन हलूहलूच उतरतं. सा वाजता निंगलो तरी चालल."

होडीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "त्यांचं आयुष्य गेलंय खाडीत. त्यांना कळतं त्यातलं." आई काहीतरी बोलायला गेली आणि पदर सावरत गप्प बसली.

आता मी ते दृश्य हजारदा आठवते आणि हजारदा स्वतःचं डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. आदल्या दिवशी भाऊबीज झालेली. भाऊबीज म्हणजे द्वितीया, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. द्वितीयेच्या दुसऱ्या दिवशी सप्तमी कुठून येणार? बाबांच्या कॉलरवर आत्याने लावलेल्या कुंकवाचा डाग तेव्हाही होता. पण मी हिशोब तपासलाच नाही. बाबांचा हिशोब तपासायचा असतो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

धबधबे फोटोत होते त्याच्या निम्मेही नव्हते. आईने पाय पाण्यात सोडले आणि गुडघ्यांना बरं वाटतंय म्हणाली. बाबा धबधब्याकडे पाठ करून नदीकडे बघत बसले. पावणेचारला होडीवाला बोलवायला वर आला, मी त्याला परत पाठवलं. सव्वाचारला पुन्हा आला, तेव्हा बाबा त्याच्यावर डाफरले, आणि मी बाबांचीच री ओढली. शेवटी पाच वाजायला आले तेव्हा तो आमचं सामान उचलून चालायला लागला.

पाणी धावत खाली चाललं होतं. पहिल्याच वळणावर तळाला खरखर आवाज झाला, दुसऱ्या वळणावर होडी बसली ती बसलीच. होडीवाल्याने बांबू रोवून जोर लावला, उतरून ढकललं. बघता बघता आमच्या चारही बाजूंना काळा चिखल उघडा पडला. काठ असेल पन्नास पावलं.

"थांब जरा," बाबा म्हणाले, "आता भरती लागल."

"काका, आज तृतीया!" होडीवाल्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "उधाणाचं पाणी आहे. आता मध्यरात्रीशिवाय होडी हलायची नाही."

मी बाबांना विचारलं, "बाबा, काल भाऊबीज झाली ना आपली?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भाऊबीज? ती व्हायची हाय अजून. ताईकडं जायाचं हाय ना आपल्याला?"

मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो. मी ओरडले. त्या परक्या माणसासमोर, आईसमोर, सगळ्या खाडीला ऐकू जाईल एवढ्या जोरात ओरडले, "काही कळत नाही तुम्हाला! मिठागर गेलं तेव्हाच गेलं सगळं तुमचं!"

आई रडायला लागली. गणपतीपासून हे चाललंय, ती म्हणाली. सकाळी तू उठायच्या आत मी कॅलेंडर बघते आणि त्यांच्या कानात तिथी सांगते, मग ते भरती काढतात. इथे खोलीत कॅलेंडर कुठे होतं? मघाशी कळलं मला चुकलंय ते, पण त्या माणसासमोर त्यांना कसं खाली बघायला लावू?

म्हणजे आम्ही दोघींनी बाबांचा मान राखला होता, आणि म्हणून आम्ही चिखलात बसलो होतो.

अंधारायला लागलं होतं. अचानक बाबा उठले, पँट गुडघ्यांवर दुमडली आणि होडीतल्या तळाच्या फळ्या काढायला लागले. एक फळी चिखलावर टाकली, तिच्यावर उभे राहिले, पुढे दुसरी टाकली. "पाय उचलू नको, सरकव," ते आईला म्हणाले. आवाज अगदी मिठागरातला, मी लहानपणी ऐकलेला. त्यांच्या पायांना सगळं आठवत होतं. मी त्यांच्या मागे आईचा हात धरून चालले होते आणि मला शरमेने मेल्यासारखं झालं होतं.

काठ हाताच्या अंतरावर आला तेव्हा आईचा पाय फळीवरून निसटला. ती कमरेपर्यंत आत गेली, आणि पडताना तिचा गुडघा उलटा पिरगळला. बाबा फळीवर पालथे झोपले, तिच्या काखांत हात घालून त्यांनी आणि होडीवाल्याने तिला ओढून काढलं. ती किंचाळली तशी मी तिला आयुष्यात कधी किंचाळताना ऐकलं नव्हतं.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण पाय पूर्वीसारखा झाला नाही. लिफ्ट बंद असली की ती घरातच. तिथी सांगायचं काम आता माझ्याकडे आलंय. पहिल्या काही दिवसांत मी सांगितली की बाबा नुसती मान हलवायचे. मला वाटलं, विसरले असतील. डॉक्टरही म्हणाले होते की नवं काही लक्षात राहणार नाही. आणि खरंच, धबधबे त्यांना आठवत नाहीत. होडी आठवत नाही. आई का लंगडते, हे ते आईलाच दिवसातून चारदा विचारतात.

परवा सकाळी मी चहा त्यांच्या हातात दिला आणि कानाशी वाकून म्हटलं, "बाबा, आज अष्टमी. भरती किती वाजता?"

अष्टमीची पाऊणपट म्हणजे सहा. सगळ्यात सोपं गणित निवडून मी त्या दिवसाची वाट बघितली होती.

बाबांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघून हसले, अगदी मायेने, जरासुद्धा राग नव्हता त्यात.

"मला काय कलतं, बाय?" ते म्हणाले. "मिठागर गेलं तवाच गेलं सगलं माजं."