छकुलीचा हेवा

सुमे, मी घर सोडलं त्या सकाळी माझ्या तळहातावर दही घालायला अप्पांनी चमचा पुढे केला आणि मी दचकून दोन्ही हातांनी डोकं झाकलं. दही उंबऱ्यावर सांडलं. आई म्हणाली, "निघताना अपशकुन केलास." अप्पांचा हात हलला की मी डोकं का झाकते, हे तिने विचारलं नाही. ठाऊक होतंच तिला. "बाप हाय तो, मारनारच," हे तिचं ठरलेलं वाक्य.

खांदेश्वरला खोली घेतली, कळंबोलीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरी लागली. बाहेर ट्रकचा फाळका आपटला की आत माझे हात डोक्यावर. सगळे हसायचे, मीही हसायचे. शेवटी ऑफिसातल्याच एका मैत्रिणीने वाशीच्या काउन्सेलर मॅडमचा नंबर दिला. घरी मी शनिवारचा कॉम्प्युटर क्लास म्हणून सांगते ना, तो हाच. आई विचारते, "अजून संपला नाय तुजा क्लास?" काय सांगू तिला!

परवा तू व्हिडिओ कॉल केलास. तुझ्या छकुलीने अप्पांचा चष्मा मोडला होता आणि त्यांच्याच मांडीवर बसून ती खिदळत होती. अप्पाही हसत होते. माझ्या हातून एकदा तो चष्मा नुसता पडला होता. पट्टा कुठल्या खिळ्याला असायचा, तुलाही आठवत असेल. रेंज नाही असं सांगून मी फोन ठेवला. त्या पोरीचा इतका हेवा वाटला की मला जेवण गेलं नाही. चार वर्षांच्या भाचीवर जळणारी मावशी, शोभतं का हे? तुझ्यावर तर मी लहानपणापासून जळते. तू धाकटी, तुझ्या वाट्याला दमलेले अप्पा आले.

मॅडमना सांगितलं तेव्हा वाटलं, समजूत घालतील. त्या म्हणाल्या, "वाटू दे की हेवा. तुम्हाला मिळायला हवं होतं तेच तिला मिळतंय." मी तिथेच हमसून रडले. हेवा काही गेला नाही, अजून आहे. पण छकुलीने असंच खिदळत राहावं, हेही मनापासून वाटतं.

आता तू गणपतीला बोलावतेस. "ताई, अप्पा आता पयल्यासारखे नाय रायले, ये ना." घर म्हणशील तर सध्या मला मॅडमची ती खोलीच घर वाटते. तिथे मला कुणी 'विसर' म्हणत नाही. तरी यावंसं वाटतं गं, फार वाटतं. फक्त, पहिल्यासारखे म्हणजे कसे, ते तू एकदा आईसमोर बोल. मी त्याच दिवशी बॅग भरते.