वारंगुळ्यातलं तेल

मला आता या विषयावर बोलायचा कंटाळा आलाय. तेलगावला स्पेअरपार्टच्या दुकानापुढच्या बाकड्यावर टेकलो की कुणीतरी विचारतंच, “काका, तुमी म्हणं मशीनमंदी सिंथेटिक तेल टाकता. फायदा हाय का कायी, का उगंच दुकानदाराची धन?” पूर्वी विचारलं असतं तर मी मोबाइल काढून व्हिडिओ दाखवत बसलो असतो. आता म्हणतो, “टाका बाबा काहीबी, पण वेळच्या वेळी बदला.” आणि चहा पितो. खरं उत्तर लांबलचक आहे, आणि ते सांगायचं तर माझ्या बांधशेजाऱ्यापासून सुरुवात करावी लागते. तेवढा दम आता राहिला नाही. तरी एकदा सांगून टाकतो.

आमचं शिवार तेलगावपासून पाच-सहा किलोमीटर आत. या शेजाऱ्यांच्या आणि माझ्या रानात एक बांध, बांधावर एक बाभळ. ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणायचो. बांधशेजारी म्हटलं की भांडण आलंच, पण आमचं कधी झालं नाही. आम्हाला ते परवडणारंच नव्हतं. त्यांच्याकडे एक बैल, माझ्याकडे एक बैल. दोन्ही जुंपले तेव्हा कुठं एक औत व्हायचं. याला आमच्याकडे वारंगुळा म्हणतात. चार दिवस बैलजोडी त्यांच्या रानात, चार दिवस माझ्या. नियम एकच. दुसऱ्याकडे बैल पाठवायचे ते पोट भरून, पाणी पाजून. उपाशी जनावर दारात आणून बांधलं की वारंगुळा मोडला. वीस-बावीस वर्षं आम्ही तो पाळला.

पुढं बैल थकले, चारा मिळेना. नेकनूरच्या बाजारात एकाच दिवशी दोन्ही विकले आणि रिकामी दावी घेऊन एसटीनं परतलो. मग निम्मे-निम्मे पैसे घालून, तसाच पाळीपाळीनं वापरायला, पॉवर वीडर घेतला. म्हणजे हँडल धरून कापसाच्या दोन ओळींमधून चालवायचं, पेट्रोलवरचं कोळपणीचं छोटं मशीन. पहिल्याच पोळ्याला दादांनी त्याच्या हँडलला गोंडे बांधले. मी हसलो, तर म्हणाले, “हसतो कावून बे? खातंय, पितंय, काम करतंय. अजून काय पायजे?”

वहिनी वारल्यापासून दादा एकटेच होते. मुलगा पुण्याला कंपनीत. दर दिवाळीला येऊन त्याचा एकच धोशा: रान बटाईनं द्या आणि माझ्याकडं चला. एका दिवाळीला दादा वैतागले आणि माझ्या देखत त्याला म्हणाले, “हे मशीन बंद पडंल त्या दिवशी येतो. तवर नाव काढू नको.” मुलानं विषय सोडला. धसका घेतला तो मी. चार-पाच वर्षांत शिवारातली निम्मी माणसं उठून गेलेली. बांधापलीकडून “आलास का रे?” अशी हाक येणार नाही, ही कल्पनाच मला सोसत नव्हती. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटायची. दादा गेले तर मीही फार दिवस रान कसणार नाही, हे मला आतून कळत होतं.

तेव्हा मशीन दोन हंगाम जुनं झालं होतं. सकाळच्या गारठ्यात दोरी ओढून चालू करताना दादांचा खांदा भरून यायचा. मी दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, “सिंथेटिक टाका. पातळ असतंय, गार इंजनात लगेच फिरतं, दोरी हलकी येती. इंजनाला तूप हाय ते.” डबा भारी होता, पण घेतला. दादांना मात्र सांगितलं नाही. त्यांची तेलाची परीक्षा ठरलेली: थेंब दोन बोटांत धरायचा आणि बोटं फाकवायची. तार आली तर तेल, नाहीतर पाणी. माझ्या पाळीची कोळपणी उरकली, तसं जुनं तेल काढलं, सिंथेटिक भरलं, टाकी भरली आणि मशीन त्यांच्या दारात नेऊन लावलं. पोट भरून.

पंधरा दिवसांनी मशीन परत आलं. तेल बघायची काडी काढतो तर काय, काकवीसारखं जाड तेल! ट्रॅक्टरचं. माझं नवंकोरं सिंथेटिक या माणसानं ओतून दिलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलायची सोय नव्हती. बोललो असतो तर कशापायी टाकलं तेही सांगावं लागलं असतं, आणि ‘तुम्ही जाल म्हणून’ हे मला कुणाच्या तोंडावर म्हणता येत नाही. मुकाट्यानं जाड तेल काढलं, पुन्हा पातळ भरलं. पुढच्या पाळीला मशीन परत जाड तेल पिऊन आलं. मी परत काढलं. दोन वर्षं हेच. पावसावर बोलायचो, बोंडअळीवर बोलायचो, सरपंचाला शिव्या द्यायचो, पण तेलाचं अक्षर नाही.

काढलेलं तेल आमच्याकडे कुणी फेकत नाही. गोठ्याच्या मेढींना, म्हणजे लाकडी खांबांना, लावलं की वाळवी लागत नाही. आमच्या मेढी झाल्या, दाराची चौकट झाली, बाजेचे पाय झाले. एक दिवस बायको म्हणाली, “आता काय मला चोपडता? आन तिकडं दादांच्या गोठ्याला बी तसंच काळं फासलंय. तुमी दोघं बोलत कावून न्हाईत?” मी म्हणालो, तुला त्यातलं कळत नाही. तिलाच कळत होतं. आमचीच अक्कल मेढींना फासली होती.

गेल्या वर्षी कापूस गुडघ्याएवढा झालेला असताना, दादांच्या पाळीत, मशीननं काळाकुट्ट धूर ओकला आणि बंद पडलं. मी बांध ओलांडून पळतच गेलो. दादा ओळीतच खाली बसले होते.

“झालं,” म्हणाले. “लावतो फोन आता पोराला.”

“थांबा की जरा! आधी मिस्त्रीला तर दाखवू.”

टमटममध्ये टाकून मशीन तेलगावला नेलं. वाटेत दादांनी हँडल धरून ठेवलं होतं, आजारी जनावराची वेसण धरावी तसं. माझ्याच पातळ तेलानं घात केला, असं सारखं वाटत होतं.

मिस्त्रीनं हवेचा फिल्टर काढला आणि जमिनीवर आपटला. ओंजळभर माती पडली. मग वरचं झाकण खोलून आत बॅटरी मारली आणि आमच्याकडं बघायला लागला. “इंजन तर कालच्यावानी हाय की! एवढं तेल कोण बदलतं?”

मी दादांकडं बघितलं. दादा स्वतःच्या चपलेकडं बघत होते.

“मी बदलतो,” दादा म्हणाले. “ह्याच्याकडून आलं की तेल पाण्यावानी. मला वाटायचं, पेट्रोल उतरतंय तेलात. एखाद दिवशी इंजन जाम हुईल. म्हणून जाड टाकायचो.”

“मग मला सांगितलं कावून न्हाई?”

“तू म्हणला असतास, म्हाताऱ्याला मशीन झेपंना. पोराला कळवलं असतंस.”

“मी? अहो, तुमी जाऊ नये म्हणून तर ते भारी तेल टाकीत होतो! खांदा दुखू नये तुमचा!”

बोलून गेलो आणि मलाच कसंनुसं झालं. मिस्त्री पोट धरून हसला. मग पान्ह्यानं इंजनावर टिचकी मारत म्हणाला, “ह्या बारक्या इंजनाला तेलाचा फिल्टरच नसतो. कितीबी भारी तेल टाका, घाण त्यातच फिरत ऱ्हाते. सिंथेटिक चांगलं हाय, दोरी हलकी येती, उन्हात लवकर जळत न्हाई. पण ते टाकून वरीसभर इसरलात तर मातीच. तुमचं टिकलं ते सारखं बदलल्यानं. दोघांनी पोट भरलं लेकराचं, नाक मात्र एकानं बी पुसलं न्हाई. फिल्टर धुवा आधी!”

त्या दिवसापासून उघड उघड सिंथेटिक सुरू झालं. दादा थेंब दोन बोटांत धरायचे, तार यायची नाही, तोंड वाकडं करायचे आणि म्हणायचे, “पाणीच हाय बे.” ते एक वर्ष फार बरं गेलं.

यंदा मशीन एकदाही रुसलं नाही. श्रावणात दादा कोळपत होते आणि मी बांधावर होतो. मशीन ओळ सोडून तिरकं गेलं आणि पाच-सहा झाडं कापून काढली. मी म्हणालो, होतं कधीमधी. चार दिवसांनी अख्खी ओळ गेली. दादांनी मशीन बंद केलं आणि दोन्ही हात पुढं धरून मला दाखवले. थरथरत होते.

“मशीन लई चांगलं हाय,” म्हणाले. “मला वाटलं हुतं, आधी ते जाईल.”

इतकी वर्षं मी तेल सांभाळत बसलो होतो. त्या हातांकडं बघायला पाहिजे होतं.

दसरा झाल्यावर मुलगा गाडी घेऊन आला. दादांनी आदल्या दिवशीच मशीन माझ्या गोठ्यात आणून लावलं होतं. गाडीत बसताना एवढंच म्हणाले, “काम लागंल तसं वापर. उभं ठिवू नको.” मी मान हलवली. गाडी डांबरीला लागेपर्यंत उभा राहिलो, मग घरी येऊन झोपलो. दोन-तीन दिवस रानात गेलोच नाही.

ज्वारीची कोळपणी आली तेव्हा मशीन बाहेर काढलं. टाकी तोंडापर्यंत भरलेली. हवेचा फिल्टर धुऊन बसवलेला. काडी काढून उजेडात धरली. तेल सोनेरी होतं, पातळ, नितळ. उभ्या जन्मात विश्वास न ठेवलेलं तेल त्या माणसानं तेलगावला जाऊन विकत आणलं होतं, आणि त्या थरथरत्या हातांनी भरलं होतं. माझ्या खांद्यासाठी. थेंब दोन बोटांत धरून बघितला, तार आली नाही. मी रडलो. गोठ्यात कुणी नव्हतं, चांगला रडलो.

दोरी हलकीच आली. चार दिवसांत रान उरकलं. मग तेल बदललं, फिल्टर धुतला, टाकी भरली आणि मशीन ढकलत बांधापर्यंत नेलं. पलीकडं बटाईदाराचा ट्रॅक्टर चालला होता. दादांच्या दाराला कुलूप आहे हे मला ठाऊक होतं. तरी बाभळीखाली मशीन लावून बराच वेळ बसलो, आणि ऊन उतरल्यावर ते तसंच भरल्या पोटानं घरी घेऊन आलो.